परळच्या स्टुडिओतला चीन : युद्धपटांतील रणभूमी कितपत खरी?

युद्धपटाची चर्चा निघाली की ती बहुधा शौर्याविषयी होते, कलावंतांविषयी होते, फार तर संगीताविषयी होते. लढाई ज्या भूमीवर घडलेली दाखवली जाते, ती भूमी खरी होती की दुसऱ्याच प्रांतातली, की स्टुडिओत लाकूड, काथ्या आणि प्लॅस्टरने उभारलेली, याचा विचार क्वचितच होतो. प्रत्यक्ष युद्धात मात्र भूमी हा निर्णायक घटक असतो. चढ किती आहे, आडोसा आहे की नाही, पाणी किती अंतरावर आहे, वाळूत चाक रुतते की नाही, यावर माणसांचे जगणे-मरणे ठरते. त्यामुळे चित्रपटातील स्थळ खोटे निघाले, तर त्या लढाईचे कारण आणि परिणामही चुकीचे समजण्याचा धोका असतो.

सोलापूरकरांना हा प्रश्न विशेष जवळचा आहे. या शहराचे सुपुत्र डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांची चीनमधील कामगिरी भारतीयांच्या कित्येक पिढ्यांना माहीत झाली ती प्रामुख्याने एका चित्रपटामुळे. व्ही. शांताराम यांचा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा चित्रपट १९४६ साली प्रदर्शित झाला. त्यातला चीन मात्र मुंबईत परळला उभा राहिला होता.

सोलापूर ते ताइहांग : प्रत्यक्ष वाट

डॉ. कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. वैद्यकीय शिक्षण त्यांनी मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात घेतले. जपानने १९३७ मध्ये चीनवर आक्रमण केल्यानंतर चीनकडून मदतीची विनंती आली आणि राष्ट्रीय सभेने वैद्यकीय पथक पाठवण्याचे ठरवले. डॉ. मदन मोहन अटल यांच्या नेतृत्वाखालील या पथकात डॉ. मो. रा. चोळकर, डॉ. बिजॉय कुमार बसू, डॉ. देबेश मुखर्जी आणि डॉ. कोटणीस असे एकूण पाच डॉक्टर होते. सप्टेंबर १९३८ मध्ये पथकाने मुंबईचा किनारा सोडला आणि त्याच महिन्यात ते दक्षिण चीनमधील कँटनला पोहोचले.

तेथून पुढची वाट लक्षात घेण्यासारखी आहे. कँटन हे दमट हवेचे बंदर. हांकौ हे यांगत्से नदीकाठचे मोठे व्यापारी शहर. ऑक्टोबर १९३८ च्या अखेरीस ही दोन्ही शहरे जपानी सैन्याच्या हाती पडली. म्हणजे पथक ज्या वाटेने आत गेले ती वाट त्याच्या मागे काही आठवड्यांत बंद झाली. चुंगकिंगमार्गे उत्तरेकडे सरकत पथक फेब्रुवारी १९३९ मध्ये येनानला पोहोचले. येनानचा प्रदेश पिवळ्या लोएस मातीचा. वाऱ्याने आणून साठवलेली ही माती उभी कापली तरी ढासळत नाही, म्हणून तेथील लोक डोंगराच्या कडेला गुहांसारखी घरे कोरून राहतात. नोव्हेंबर १९३८ पासून येनानवर विमानहल्ले सुरू झाले, तेव्हा याच गुहांनी माणसांना आणि रुग्णालयांना आसरा दिला.

पुढे डॉ. कोटणीस शत्रूच्या फळीमागे, शान्सी आणि हेबेई प्रांतांच्या सीमेवरील ताइहांग पर्वताच्या भागात गेले. तेथे पक्के रुग्णालय असे काही नव्हते. खेड्यातील घरे, देवळे, धान्याच्या खोल्या यांतच शस्त्रक्रिया चालत. त्याच भागात काम करताना नोव्हेंबर १९३९ मध्ये निधन पावलेले कॅनेडियन शल्यविशारद डॉ. नॉर्मन बेथ्यून यांनी शस्त्रक्रियेचे सारे साहित्य खेचराच्या पाठीवर लादता येईल अशी रचना केली होती. त्यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद जानेवारी १९४१ मध्ये डॉ. कोटणीस यांच्याकडे आले. १९४१-४२ मध्ये जपानी सैन्याने या पहाडी तळांभोवती वेढे आवळले, गावे जाळली. औषधे मिळणे दुरापास्त झाले आणि रुग्णालयाला वारंवार जागा बदलावी लागली. १९४१ च्या अखेरीस डॉ. कोटणीस यांनी परिचारिका-शिक्षिका क्वो छिंगलान यांच्याशी विवाह केला. ऑगस्ट १९४२ मध्ये त्यांना मुलगा झाला; त्याचे नाव यिनहुआ, म्हणजे ‘भारत-चीन’. ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्याने डॉ. कोटणीस यांचे निधन झाले. ते अवघे ३२ वर्षांचे होते.

परळमध्ये उभारलेला चीन

डॉ. बसू १९४३ मध्ये भारतात परतले. त्यांच्याकडून मिळालेल्या हकिगतीच्या आधारे ख्वाजा अहमद अब्बास यांनी ‘अँड वन डिड नॉट कम बॅक’ हे पुस्तक १९४४ मध्ये लिहिले. त्यावरूनच पुढे अब्बास आणि व्ही. पी. साठे यांनी चित्रपटाची पटकथा तयार केली. शांताराम यांनी स्वतः डॉ. कोटणीस यांची भूमिका केली, तर जयश्री या चिंग लान झाल्या. संगीत वसंत देसाई यांचे होते. चित्रपटाची ‘द जर्नी ऑफ डॉ. कोटणीस’ या नावाने इंग्रजी आवृत्तीही निघाली.

चीनमध्ये जाऊन चित्रीकरण करण्याचा प्रश्नच त्या काळी उद्भवत नव्हता. दुसरे महायुद्ध ऑगस्ट-सप्टेंबर १९४५ मध्ये संपले आणि त्यानंतरही चीनमध्ये यादवी धुमसत होती. युद्धकाळात भारतात कच्च्या फिल्मवर सरकारी नियंत्रण होते आणि चित्रपटाच्या लांबीवरही मर्यादा होती. अशा स्थितीत शांताराम यांच्या हाती होता तो परळचा राजकमल कलामंदिर स्टुडिओ. १९४२ मध्ये स्थापन झालेल्या राजकमलने वाडिया मुव्हिटोनची जागा घेतली होती. चिनी घरे, चिनी वेष, चिनी माणसे हे सारे भारतीय कारागिरांनी आणि कलावंतांनी उभे केले.

या चीनला खरे म्हणायचे की खोटे? भूगोलाच्या कसोटीवर तो खोटाच. एखाद्या नेपथ्यातून येनानच्या लोएस टेकड्यांचे विस्तीर्ण पट्टे किंवा ताइहांगचे ओसाड, थंड पहाड दिसणे शक्य नव्हते. कँटन ते येनान या प्रवासातले हवामानाचे, भाषेचे आणि अन्नाचे बदल स्टुडिओत एकाच छपराखाली दडपले जातात आणि प्रेक्षकापुढे ‘चीन’ नावाचा एकच देखावा उरतो. मात्र १९४६ च्या प्रेक्षकापुढे या देखाव्याला दुसरा पर्याय नव्हता. जो देश त्याने कधी पाहिला नव्हता, त्याच्या दुःखात सोलापूरचा एक डॉक्टर सहभागी झाला, ही गोष्ट त्याच्यापर्यंत पोहोचवण्याचे काम त्या नेपथ्याने केले.

अडचण येते ती दुसऱ्या ठिकाणी. चित्रपटात डॉ. कोटणीस प्लेगसारख्या भयंकर साथीशी झुंजतात, जपानी तुकडीच्या हाती सापडतात आणि शेवटी संसर्गाने मृत्यू पावतात. प्रत्यक्षात त्यांना अपस्माराचा विकार होता. स्थळ हरवले की कथेला मृत्यूचे दुसरे कारण शोधावे लागते, ते असे. उंच पहाडी मुलूख, औषधांची नाकेबंदी, सततचे स्थलांतर, अपुरी झोप आणि अपुरे अन्न हीच त्या डॉक्टरांची खरी लढाई होती. ती दाखवायची तर भूगोल दाखवावा लागला असता. स्टुडिओत भूगोल नव्हता, पण साथीचा रोग उभा करता येत होता. साथीला एक सुरुवात असते, एक उत्कर्षबिंदू असतो, एक शेवट असतो. नाट्य साधले, परंतु पुढे अनेकांच्या मनात डॉ. कोटणीस यांचा मृत्यू प्लेगशीच जोडला गेला.

१९८२ मध्ये चीनमध्येही डॉ. कोटणीस यांच्यावर चित्रपट निघाला. दोन देशांनी एकाच माणसाची कथा आपापल्या पडद्यावर सांगावी, असे भाग्य थोड्याच भारतीय डॉक्टरांना लाभले असेल.

लडाख : ज्याला पर्याय नाही

भारतीय युद्धपट स्टुडिओतून बाहेर पडला तो प्रामुख्याने चेतन आनंद यांच्या ‘हकीकत’मुळे. १९६२ च्या चीन युद्धावरील हा कृष्णधवल चित्रपट १९६४ मध्ये आला. त्याचे बाह्यचित्रण लडाखमध्ये झाले होते. त्या युद्धात १८ नोव्हेंबर १९६२ रोजी रेझांग ला येथे मेजर शैतान सिंग यांच्या नेतृत्वाखाली १३ कुमाऊँ पलटणीच्या एका कंपनीने दिलेली झुंज प्रसिद्ध आहे. त्याच लढाईवरील ‘१२० बहादुर’ हा चित्रपट नोव्हेंबर २०२५ मध्ये आला, तेव्हाही कलावंत आणि तंत्रज्ञांना लडाख गाठावेच लागले.

यामागे कारण आहे. लडाख हे पर्जन्यछायेतील शीत वाळवंट आहे. लेह शहरच सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे आणि लढायांची ठाणी त्याहून कितीतरी वर. ५,००० मीटरच्या आसपास हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा होतो. त्या उंचीवर धावणारा माणूस काही पावलांत थांबतो, त्याच्या बोलण्यात धाप येते, ओठ फुटतात. हे अभिनयाने साधणे कठीण. शिवाय तेथील उतारांवर झाड नाही. हिमाचलातील देवदारांच्या रानात चित्रित केलेला प्रसंग लडाखचा म्हणून दाखवला, तर जाणकाराला तो लगेच कळतो. झाड असते तर आडोसा असता आणि आडोसा असता तर १९६२ मध्ये किंवा १९९९ मध्ये कारगिलला जे घडले ते तसे घडले नसते. वर बसलेल्या शत्रूला खालून चढणारा प्रत्येक जवान दिसतो, म्हणूनच कारगिलमध्ये तोफखान्याच्या भडिमाराखाली आणि रात्रीच्या अंधारात चढाया कराव्या लागल्या. जे. पी. दत्ता यांचा ‘एलओसी कारगिल’ (२००३) आणि फरहान अख्तर यांचा ‘लक्ष्य’ (२००४) या दोन्ही चित्रपटांनी लडाखचा आधार घेतला, तो या अर्थाने योग्यच होता.

वाळवंट खरे, बेरीज वेगळी

स्थळ खरे असले म्हणजे सारेच खरे ठरते, असे मात्र नाही. जे. पी. दत्ता यांचाच ‘बॉर्डर’ (१९९७) याचे चांगले उदाहरण आहे. ४ आणि ५ डिसेंबर १९७१ रोजी जैसलमेर भागातील लोंगेवाला ठाण्यावर झालेली लढाई हा त्याचा विषय. चित्रीकरण राजस्थानच्या वाळवंटातच झाले, लष्कर व हवाई दलाचे साहाय्य लाभले. वाळूच्या टेकडीवरील एकाकी ठाणे, रात्री दुरून येणारा रणगाड्यांचा आवाज आणि उजाडताच आलेली लढाऊ विमाने हा क्रम मूळ घटनेला धरून आहे. हा क्रम वाळवंटानेच ठरवला होता. अंधारात रणगाडे वाळूत रुतले आणि दिवस उगवल्यावर त्यांना लपायला जागा उरली नाही, म्हणून हंटर विमानांना ती उघडी लक्ष्ये मिळाली.

मात्र प्रत्यक्ष लोंगेवालात मेजर कुलदीप सिंग चांदपुरी यांच्या सुमारे १२० जणांच्या तुकडीपैकी दोघे जवान धारातीर्थी पडले. चित्रपटात ही संख्या पुष्कळ मोठी आहे. वाळू अस्सल असल्यामुळे प्रेक्षकाला हे सारे तसेच घडले असे वाटते. परळच्या चीनबाबत जाणता प्रेक्षक मनाशी थोडा सावध राहू शकतो. येथे सावध राहण्याचे कारणच दिसत नाही.

याउलट ‘उरी’ (२०१९) या चित्रपटासाठी काश्मीरच्या जागी मुख्यत्वे युरोपातील सर्बिया देश वापरला गेला. डोंगर, सूचिपर्णी रान आणि गारठा यांचे साम्य एवढे होते की सामान्य प्रेक्षकाला ते जाणवले नाही.

जगाच्या पडद्यावरील उसनी रणभूमी

परदेशातही हीच रीत आहे. ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ (१९५७) या चित्रपटातील सयाम-ब्रह्मदेश रेल्वे श्रीलंकेत कितुलगल येथे उभारली गेली. व्हिएतनाम युद्धावरील ‘अपोकॅलिप्स नाऊ’ (१९७९) आणि ‘प्लॅटून’ (१९८६) फिलिपिन्समध्ये चित्रित झाले. स्टॅन्ली कुब्रिक यांनी तर ‘फुल मेटल जॅकेट’ (१९८७) साठी व्हिएतनाममधील ह्यू शहर लंडनच्या बेकटन येथील बंद पडलेल्या गॅस कारखान्यात उभे केले आणि त्यासाठी ताडामाडाची झाडे स्पेनहून आणवली.

फसलेले उदाहरण ‘बॅटल ऑफ द बल्ज’ (१९६५) चे. ही लढाई १९४४-४५ च्या कडक हिवाळ्यात बेल्जियमजवळील आर्देन्सच्या जंगलात झाली. चित्रपटातील रणगाड्यांची मोठी झुंज स्पेनच्या कोरड्या उघड्या माळावर घडते. दाट जंगल, धुके आणि बर्फ यांमुळेच दोस्तांची विमाने सुरुवातीला निकामी ठरली होती. ते सारे काढून टाकल्यावर लढाईचे कारणच उरत नाही. त्या युद्धातील दोस्तांचे सेनापती ड्वाइट आयझेनहॉवर यांनीही या चित्रपटातील चुकांवर जाहीर टीका केली होती.

काही वेळा खऱ्या जागी न जाणे हेच उचित ठरते. इवो जिमा बेटावर १९४५ मध्ये मरण पावलेल्या हजारो जपानी सैनिकांचे अवशेष आजही तेथील मातीत आहेत. क्लिंट ईस्टवुड यांनी ‘फ्लॅग्ज ऑफ अवर फादर्स’ (२००६) मधील किनाऱ्यावरचे मोठे प्रसंग आइसलँडच्या काळ्या ज्वालामुखी वाळूवर चित्रित केले. वाळूचा रंग जुळला आणि स्मशानभूमीत बॉम्ब उडवण्याची वेळ आली नाही.

महाराष्ट्रातील रणांगणे

महाराष्ट्रात लष्करी चित्रीकरणाच्या दृष्टीने अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर, महत्त्वाचे आहे. तेथे चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र व रणगाडा संग्रहालय आहे. १९७१ च्या गरीबपूर येथील लढाईवर आधारलेल्या ‘पिप्पा’ (२०२३) या चित्रपटाचे काही चित्रीकरण अहमदनगरला झाले. मूळ लढाई आजच्या बांगलादेशातील पाणथळ शेतांत, तरंगू शकणाऱ्या पीटी-७६ रणगाड्यांनी लढली गेली होती. नगरचा कोरडा माळ त्या भूमीशी जुळणारा नाही, म्हणून निर्मात्यांना पश्चिम बंगालही गाठावा लागला. रणगाडा एका ठिकाणचा आणि पाणी दुसऱ्या ठिकाणचे, अशी ही जोडणी असते.

ऐतिहासिक युद्धपटांची अडचण वेगळी आहे. येथे मूळ स्थळ उपलब्ध असूनही ते खोटे ठरते. सिंहगडाची लढाई ४ फेब्रुवारी १६७० रोजी झाली. आजच्या सिंहगडावर प्रक्षेपणाचे मनोरे उभे आहेत. ‘तान्हाजी’ (२०२०) मधील कोंढाणा त्यामुळे बहुतांशी स्टुडिओ आणि संगणक यांच्या साहाय्याने घडवला गेला. शनिवारवाड्याच्या आतील इमारती १८२८ च्या आगीत नष्ट झाल्या. आशुतोष गोवारीकर यांच्या ‘पानिपत’ (२०१९) साठी नितीन देसाई यांनी तो वाडा कर्जतच्या स्टुडिओत नव्याने उभारला. आजचे पानिपत हे गजबजलेले औद्योगिक शहर आहे. संरक्षित वास्तूंमध्ये चित्रीकरणासाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते आणि तटबुरुजांना धक्का लागेल असे काही करता येत नाही. अशा वेळी अभ्यासपूर्वक केलेले नेपथ्य पडक्या तटापेक्षा सतराव्या शतकाला अधिक जवळचे असू शकते. मात्र संगणकाने कडा हवा तेवढा उंच करता येतो, हा त्यातला नवा मोह आहे. कडा वाढला की मावळ्यांचे शौर्य वाढत नाही. त्यांनी प्रत्यक्षात कोणती वाट का निवडली, हे मात्र झाकले जाते.

युद्धपट पाहताना

चित्रपट कोठे चित्रित झाला एवढ्यावरून त्याच्या खरेपणाचा निवाडा करणे अपुरे आहे. पुढील काही गोष्टी तपासल्या तर प्रेक्षकाला अधिक नेमके चित्र मिळते.

उंची व चढ : हल्ला करणारे वर होते की खाली? चित्रपटाने ते उलटे तर केले नाही ना?

आडोसा : प्रत्यक्ष स्थळी झाडे, खडक, घरे होती का? पडद्यावर नसलेली झाडे दिसली तर सैनिकांच्या हालचालींचा अर्थ बदलतो.

ऋतू आणि वेळ : लढाई रात्रीची होती की दिवसाची, हिवाळ्यातील की पावसाळ्यातील? चित्रीकरणाच्या सोयीसाठी रात्रीचा दिवस करण्याची प्रथा जुनी आहे.

अंतर : दारूगोळा, पाणी, औषध कोठून येत होते? चित्रपटात ते अंतर जाणवते का?

हानीचा आकडा : स्थळ खरे असेल तर हा मुद्दा अधिक काळजीपूर्वक पाहावा.

या कसोट्या डॉ. कोटणीस यांच्या चित्रपटाला लावल्या तर तो अंतराच्या प्रश्नापाशी अडतो, हे वर आलेच आहे. ती उणीव भरून काढण्याचे साधन मात्र सोलापुरातच आहे. शहरातील भय्या चौकात डॉ. कोटणीस यांचे घर स्मारक म्हणून जतन करण्यात आले आहे. उत्तर चीनमध्ये शिजियाचुआंग येथील हुतात्मा स्मारकात त्यांची समाधी आहे. विद्यार्थ्यांना हा चित्रपट दाखवणाऱ्या शाळांनी सोबत चीनचा नकाशा मांडावा, त्यावर कँटन, हांकौ, चुंगकिंग, येनान आणि ताइहांग ही नावे शोधून रेषा ओढावी. परळच्या स्टुडिओत मावू न शकलेला प्रवास त्या रेषेवर दिसतो आणि एका सोलापूरकर डॉक्टरने नेमके काय सोसले, हे त्यातून अधिक खरेपणाने कळते.